दाबलेला डायपर आधी मोकळा करा!
विकणाऱ्यानेही शिकून घ्यावी अशी गोष्ट

कापसाच्या धंद्यातील माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. प्रेसमधून निघालेली गाठ १७० किलोची असते आणि तिच्यातील रुई दगडासारखी बसलेली असते. ती तशीच रजईत भरली तर रजई ना ऊब देईल, ना अंगाला मऊ लागेल. म्हणून आपले मन्सुरी, नद्दाफ, पिंजारी भाई ती आधी पिंजतात. पूर्वी पिंजणाच्या तातीवर पिंजत, आता यंत्रावर पिंजतात. रुई तीच, वजनही तेच. पण आत हवा शिरली की ती कामाची होते.

मोठ्या माणसांच्या डायपरचेही असेच आहे. हा माल आता केवळ औषधांच्या दुकानात राहिलेला नाही. चादरी, टॉवेल, ब्लँकेट विकणारे आमच्यासारखे कापडवालेही तो ठेवू लागले आहेत. मुकुंदवाडी, सिडको, चिकलठाणा या भागात एमआयडीसीत कामाला आलेली पहिली पिढी आता सत्तरीला पोचली आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातील जवळपास दहा माणसे साठीच्या पुढची होती. घाटीतून किंवा खासगी दवाखान्यातून लकव्याचा, मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनचा रुग्ण घरी आला की घरचा माणूस आधी डायपरच शोधत येतो. गिऱ्हाईक आहे, माल आहे. परंतु माल वापरायचा कसा, हे बहुतेक विकणाऱ्यांनाच माहीत नसते. मलाही नव्हते.

फोडलेले पाकीट परत आले

एका पावसाळ्यात गॅरेजवर काम करणारा एक भाई फोडलेले पाकीट घेऊन दुकानात आला. "चाचा, माल खराब आहे," म्हणाला. त्याच्या अब्बांना रात्री डायपर लावला की बाजूने गळते, चादर भिजते, कडा मांडीला काचतात. सून रोज चादरी धुते हे पाहून म्हाताऱ्याने दुपारनंतर पाणी पिणेच सोडून दिले होते.

हे शेवटचे वाक्य ऐकून मी पैसे परत करण्याची गोष्ट बाजूला ठेवली. पाकिटातून एक नग काढला. पुठ्ठ्यासारखा चपटा आणि घड्यांवर कडक. "लावता कसा?" मी विचारले. तो म्हणाला, "काढतो आणि लावतो." मी स्वतः वर्षभर हा माल विकत होतो, पण यापेक्षा जास्त काही मलाही सांगता आले नसते. पाकिटामागे सूचना होत्या, पण बारीक अक्षरात, आणि त्या मी कधी वाचल्या नव्हत्या.

ओळखीच्या एका नर्स ताईंना विचारले. त्यांनी दोन मिनिटांत करून दाखविले. मी त्या भाईला दाखविले. पुढच्या आठवड्यात तो तोच माल घ्यायला आला. अब्बा संध्याकाळी पुन्हा चहा मागू लागले आहेत, एवढे त्याने सांगितले. मला तेवढे पुरे होते.

मला शरम वाटली ती वेगळ्या कारणाने. सुती कापड विकताना मी गिऱ्हाईकाला न विचारता सांगतो, "हे आकसणारे कापड आहे, आधी पाण्यातून काढा, मग शिवायला टाका." मग डायपर विकताना मी गप्प का होतो?

माल दाबलेला का येतो?

डायपर वजनाला हलका, पण जागा फार खातो. ट्रकचे भाडे, खोका, गोदाम, दुकानातील फळी, सगळीकडे जागेचेच पैसे लागतात. म्हणून कारखान्यात नग घडी करून, दाबून पिशवीत बसवितात. यात फसवणूक काही नाही. कापसाची गाठ ज्या कारणाने बांधतात त्याच कारणाने हे करतात.

आत काय असते तेही पाहा. अंगाला लागतो तो न विणलेल्या कापडाचा पातळ थर. बाहेर पाणी न जाऊ देणारा थर. मधल्या गादीला लोक कापूस म्हणतात, पण तो बहुतेक मालात लाकडाचा लगदा असतो. त्यात साखरेसारखे दाणे मिसळलेले असतात. ओल लागली की ते फुगून जेलीसारखे होतात. साधे शुद्ध पाणी ते वजनाच्या शेकडो पट धरतात. लघवीत क्षार असल्यामुळे तेवढे धरत नाहीत, साधारण तीस ते पन्नास पटच धरतात. शिवाय ओल दाण्यापर्यंत पोचविण्याचे काम लगद्याचे आहे. तो दबून बसला असेल तर ओल आत पसरायला वेळ लावते, वरच्या वर वाहते आणि मांडीच्या कडेने बाहेर पडते. गळू नये म्हणून मांडीजवळ इलॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या दिलेल्या असतात. घडीत त्याही आडव्या झोपलेल्या असतात. मग गळणार नाही तर काय होईल?

तयार करण्याची पद्धत

१) हात धुऊन कोरडे करा. दिवसभर लागतील तेवढेच तीन-चार नग पाकिटातून काढा. घडी उलगडून स्वच्छ, कोरड्या कपड्यात सैल गुंडाळून ठेवा. काही तासांत ते स्वतःच थोडे फुलतात.

२) लावण्याआधी नग पूर्ण उघडा. पुढचे आणि मागचे टोक धरून लांबीच्या दिशेने दोन-तीन वेळा हलके ताणा. इलॅस्टिक जागे होते आणि घडीचा कडकपणा मोडतो.

३) दोन वेळा हलके झटका. जिथे गादी कडक लागते तिथे बाहेरच्या बाजूने तळहाताने हळूहळू चोळा. आपटू नका, पिळू नका. आपटल्याने आतील दाणे एका जागी जमतात आणि गादी तुटते.

४) आतील दोन्ही उभ्या पट्ट्या बोटाने वर उचलून उभ्या करा. ही पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते.

५) आता नग लांबीने मधोमध दुमडून होडीसारखा करा. आतल्या भागाला हात लावू नका. रुग्णाला कुशीवर वळवून ही होडी पुढून मागे, दोन मांड्यांमधून सरकवा. मागची बाजू कमरेवर पुरेशी वर घ्या आणि मग पसरवा.

६) खालच्या चिकटपट्ट्या आधी, किंचित वरच्या दिशेने लावा. वरच्या नंतर, किंचित खालच्या दिशेने. कमरेत दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. शेवटी मांडीच्या कडेने बोट फिरवून बाहेरची झालर आत दुमडलेली नाही ना, ते पाहा. काचण्याचे मोठे कारण हेच असते.

सगळे मिळून दोन मिनिटे लागतात.

काय करू नये?

मऊ करण्यासाठी इस्त्री, ऊन किंवा केस वाळविण्याचे यंत्र वापरू नये. आत पावडर भरू नये. जाड मलम थापू नये, त्याने वरचा थर बुजतो आणि ओल आत जात नाही. जास्त टिकावा म्हणून आत प्लास्टिकच्या अस्तराचे दुसरे पॅड घालू नये. ओल खालच्या गादीपर्यंत पोचतच नाही.

शौचाने खराब झालेला डायपर लगेच बदलावा. लघवीचा दर काही तासांनी पाहावा, "अजून मावेल" म्हणून ठेवू नये. अंग धुऊन, न घासता टिपून कोरडे करावे. कातडीवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही तो फिका पडत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. ती अंथरुणाच्या जखमेची सुरुवात असू शकते. आणि गळते म्हणून म्हाताऱ्या माणसाचे पाणी कधीच तोडू नये.

नग मोकळा केला तरी माप चुकीचे असेल तर गळणारच. कमर आणि नितंब टेपने मोजा आणि मोठे माप धरा. 'मीडियम', 'लार्ज' या शब्दांवर जाऊ नका; प्रत्येक कंपनीचे इंच वेगळे असतात, पाकिटावरचे आकडे वाचा.

वापरलेला नग वर्तमानपत्रात गुंडाळून घंटागाडीला वेगळा द्यावा. नालीत किंवा संडासात टाकला तर आतले दाणे फुगून पाइप बंद करतात.

दुकानदार आणि कारागीर भाईंसाठी

दुकानात डायपरच्या पाकिटांवर ब्लँकेटचे गठ्ठे रचू नका. दाबलेल्या मालाला आणखी दाबू नका. जागा कोरडी असावी, कारण ओलसर हवेत उघडा नग वातावरणातील दमट खेचतो. जुना माल आधी विका. एक नग नमुन्यासाठी उघडा ठेवा आणि मोकळा करून दाखवा. महिला गिऱ्हाईक संकोचतात, त्यांना घरातील महिलेने समजावले तर बरे. पाकीट साध्या कागदात बांधून द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांचे नॅपकिन आणि क्लिनिकल डायपर यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. घाऊक बिल घेताना हे तपासून घ्या.

कारागिरांनाही यात काम आहे. दर्जी भाई बाजूने उघडणारे, नाडीचे पायजमे आणि मागे उघडणारे गाऊन शिवू शकतात. अंथरुणावरच्या माणसाला कपडे चढविणे सोपे होते. आडवी टाकायची सुती चादर, वारंवार धुता येईल अशी पातळ गादी, मऊ मलमलचे पुसणे, याची गरज प्रत्येक अशा घराला आहे.

शेवटी एक गोष्ट. कपडे भिजतील या भीतीने कित्येक बुजुर्ग मशिदीत येणे सोडतात, लग्नात जाणे सोडतात, चार माणसांत बसणे सोडतात. सतत थेंब गळण्याचा आजार असणाऱ्याला शरियतमध्ये माजूर मानून सवलती आहेत. त्यांचा तपशील इमाम साहेबांना अदबीने विचारावा, लाजू नये. मालाचा ऐब गिऱ्हाईकाला सांगणे आपण तिजारतीचा फर्ज मानतो. मालाचा योग्य वापर सांगणे त्याच फर्जाचा दुसरा भाग आहे. दोन मिनिटे जातील, पण कुणाच्या तरी अब्बांची, अम्मींची रात्र कोरडी जाईल.

अल्लाह तआला आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या बुजुर्गांची खिदमत करण्याची तौफीक देवो. आमीन.