‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ : पुण्या-मुंबईकडे आलेले पुनर्निर्माण

रीमास्टर : मूळ आज्ञावली कायम ठेवून केवळ चित्र व ध्वनी यांची स्पष्टता वाढविणे.

रीमेक : कथानक व पात्रे तीच राखून दृश्ये, हालचाली आणि नियंत्रणे नव्याने रचणे.

मूळ खेळ (१९८९) : जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या बंधूच्या धावण्याचे व उड्यांचे चित्रीकरण करून, त्यातील एकेका चित्रचौकटीवरून राजपुत्राची आकृती उतरविली, ‘ॲपल टू’सारख्या अल्पस्मृती संगणकावर ती हालचाल इतकी सजीव उमटावी, हे आजही विस्मयकारक आहे.

‘द सँड्स ऑफ टाइम’ (२००३) : युबिसॉफ्ट या कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओत सिद्ध झालेला त्रिमितीय खेळ. यातील खंजिराच्या योगे काळ काही क्षण मागे फिरवून चुकलेली उडी पुन्हा घेता येते.

त्याचा रीमेक : हे काम कंपनीच्या पुणे (२००८ मध्ये गेमलॉफ्टकडून आलेल्या) व मुंबई (स्थापना २०१८) येथील स्टुडिओंच्या सुपूर्द झाले, सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली, जानेवारी २०२१ ही मुदत ठरली, ती प्रथम मार्चपर्यंत व नंतर बेमुदत लांबली, आणि मे २०२२ मध्ये ते माँट्रियलकडे वर्ग करण्यात आले.