पावसानं कोरलेले, दोरावाल्यांनी हेरलेले

मालवणात उतरलेला पाहुणा समुद्राकडे तोंड करून बसतो. एकदा पाठ फिरवा आणि कुडाळ तालुक्यातलं शिवापूर गाठा. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेले दोन डोंगर तिथे उभे आहेत: मनोहर आणि मनसंतोष. मधे जेमतेम एक खिंड.

भोवतालचा खडक वाहून गेला, म्हणून हे उरले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. पुढे पाण्यानं त्यांतल्या भेगा हेरल्या, मऊ थर पोखरले. आधार गेला की वरचा कातळ कोसळायचा. शेजारच्या आंबोलीत वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा खमका कारागीर दुसरीकडे शोधून सापडायचा नाही!

मनोहरगडावर चालत जाता येतं. आग्र्याहून सुटल्यावर, १६६७ साली शिवाजी महाराज इथे मुक्कामाला होते. १८४४-४५ च्या उठावात हे दोन्ही गड इंग्रजांशी लढले. मनसंतोषची वाट मात्र तुटलेली. तिथे दोर, हार्नेस आणि जाणती माणसं हवीत.

झिजेची करामत तरी किती तऱ्हेची! मोरोशीचा भैरवगड म्हणजे उभ्या भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाची भिंत. मनमाडजवळची हडबीची शेंडी तर रेल्वेच्या खिडकीतूनही दिसते. आणि तोरणा-रायगडाच्या मधला लिंगाणा हा शिवकाळातला तुरुंग. आज तो चढायला गिर्यारोहक आसुसलेले असतात.

आपला बेसॉल्ट ठिसूळ, हातातली पकड कधी निखळेल सांगता येत नाही. म्हणून बरेच जण बदामीच्या लाल वालुकाश्माकडे धावतात. तो ज्या कलादगी खोऱ्यातला, त्याच कुळीचे खडक सिंधुदुर्गातही उघडे पडलेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

अमेरिकेतला शिपरॉक हा अशाच झिजेतून उघडा पडलेला ज्वालामुखीचा गळा. १९३९ साली चौघांनी तो सर केला. नवाहो लोकांना तो पवित्र, म्हणून आता तिथे चढाई बंद आहे. ऑस्ट्रेलियातल्या उलुरूवरही २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे. दोन्ही ठिकाणी योग्यच झालं. ज्यांचा डोंगर, त्यांचा शब्द आधी.

मनसंतोषला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. ओल्या कातळाला हात लावू नका. गावातला वाटाड्या सोबत घ्या. आणि अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा: कड्यांवर आग्यामोहोळं असतात.