रुग्णालय ते घर : तरुणांसाठी निवासी मानसोपचार

• निवासी उपचार : मानसिक आरोग्य केंद्रात राहून घेतलेले उपचार. औषधे, समुपदेशन, चोवीस तास देखरेख.

• हाफवे होम : तीव्र लक्षणे ओसरल्यावरचा, घरी परतण्याआधीचा मुक्काम. वेळेवर गोळ्या, स्वयंपाक, पैशांचा हिशेब, शिक्षण वा नोकरीची तयारी.

• वय : स्किझोफ्रेनिया, बायपोलर हे आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतात.

• कायदा : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. अंमल २०१८ पासून. कलम १८ नुसार हाफवे होमची तरतूद ही सरकारची जबाबदारी.

• स्वेच्छेने दाखल : १८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, नातेवाइकांची संमती आवश्यक नाही. घरी सोडण्याची मागणी केल्यास ठरावीक परिस्थितीतच, तपासणीसाठी, कमाल २४ तास थांबवता येते.

• आधारासह दाखल : निर्णयासाठी मोठ्या आधाराची गरज असल्यास, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाला निर्णयात मदत करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या) अर्जावरून. मुदत कमाल ३० दिवस. पुढे वेगळी प्रक्रिया.

• महाराष्ट्रात : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये.

• मदत : टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.