कोपऱ्यातला गडी कधी झेपावणार?

कबड्डीत चढाई करणारा गडी परतायला वळतो, तेव्हा क्षणभर त्याची पाठ बचावाकडे होते. नजर मध्यरेषेवर गेलेली असते, सगळं वजन पुढच्या पायावर आणि मागचा पाय अजून उचलला जायचा असतो. कोपऱ्यातला गडी याच घडीची वाट बघत असतो. तो खाली जातो, घोटा दोन्ही हातांनी पकडून छातीशी ओढतो आणि शिट्टी वाजेपर्यंत सोडत नाही. मैदानाभोवतीची माणसं त्याच्या ताकदीला दाद देतात. ताकद लागतेच, पण मी थक्क होतो ते या पकडीआधीच्या वीस-पंचवीस सेकंदांनी. तेवढा वेळ त्याने चढाईवाल्याला हातसुद्धा लावलेला नसतो.

सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीड असो की किनगाव राजा, मातीवर फक्कीच्या रेषा मारून सामना चालला असेल तर एकदा चढाईवाल्यावरची नजर काढून कोपऱ्यावर ठेवा. तो शेजारच्याचा हात धरून उभा असतो. चढाईवाला जवळ आला की मागे सरकतो, आणि तेही अशा बेताने की त्याला वाटावं, आणखी अर्धं पाऊल टाकलं तर हा हाती लागेल. त्याच वेळी पलीकडच्या बाजूचे गडी हळूच पुढे येतात. कोपरा घाबरून मागे जातोय असं दिसतं. खरं तर तो चढाईवाल्याला आत घेत असतो.

मैदानाचं मापही इथे कामाला येतं. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून अंतिम रेषा साडेसहा मीटरवर. निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनस रेषेच्या मागे उरतो फक्त पावणेदोन मीटरचा पट्टा, आणि कोपऱ्याचं बरंचसं राज्य तेवढंच. बोनस गुण हवा असेल तर चढाईवाल्याला एक पाय त्या रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत ठेवावा लागतो. सहा किंवा जास्त गडी समोर असताना तो एका पायावर उभा राहतो! पकडीसाठी याहून चांगली वेळ कुठली? पण कोपरा क्षणभर लवकर निघाला आणि चढाईवाला नुसता स्पर्श करून सटकला, तर गुण गेला आणि कोपराही बाहेर. त्याचा हात धरून सोबत गेलेला गडी शिवला गेला तर तोही.

सातासमुद्रापार अमेरिकन फुटबॉलमध्ये हाच पेच आहे. तिथला क्वार्टरबॅक चेंडू हातात घेऊन मागे सरकतो आणि अडीच-तीन सेकंदांत कोणाला तरी फेकतो. तेवढ्यात त्याला गाठून पाडायचं काम ज्यांच्याकडे असतं, त्यांच्यातला एक म्हणजे कडेचा लाइनबॅकर. क्वार्टरबॅक उजवा असेल तर फेकायला वळताना त्याची पाठ डावीकडे होते आणि तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर १९८१ मध्ये या खेळात आला आणि बहुधा याच आंधळ्या बाजूने धावून यायचा. तोवर अशा लाइनबॅकरला थोपवायला मागचा एखादा हलका धावपटू पुरायचा. टेलरपुढे तो टिकेना. ३ जानेवारी १९८२ च्या बाद फेरीच्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी जॉन एअर्स हा आघाडीच्या फळीतला भारी गडी खास टेलरसाठी मागे वळवला आणि सामना ३८-२४ ने जिंकला. एका माणसाच्या धास्तीने समोरच्या संघाने आपली मांडणी बदलली, हे मला त्याच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं वाटतं. आकडेही दांडगे आहेत म्हणा: १९८६ च्या एकाच हंगामात त्याने साडेवीस वेळा क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडलं. अर्ध्याचा हिशेब असा की दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा.

मग असा गडी हाती लागला तर त्याला दर वेळी धाडावं का? तो पुढे गेला की त्याच्या मागची जागा मोकळी पडते आणि हुशार क्वार्टरबॅक चेंडू नेमका तिथेच टाकतो. डिक लबो या प्रशिक्षकाने यावर जी तोड काढली ती फार सुंदर आहे. पाच-सहा जण झेपावण्याच्या पवित्र्यात उभे करायचे आणि प्रत्यक्षात चार-पाचच सोडायचे. कडेचा लाइनबॅकर धावतो, आणि जो धिप्पाड गडी हमखास पुढे येणार म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, तोच मागे सरकून मोकळी जागा राखतो. आता कोणाला अडवायचं, हे ठरवण्यातच समोरच्यांची सेकंदं जातात.

दोन खेळांतला खरा फरक घड्याळाचा आहे. तिकडे तीन सेकंदांत चेंडू निघून जाणार, म्हणून टेलरसारख्याला धावावंच लागतं. इकडे चढाई तीस सेकंदांची, आणि तेवढ्यात चढाईवाल्याला घरी परतायचं असतं. घड्याळ कोपऱ्याच्या बाजूने. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. गुण नाही आणला तर चढाईवाला बाद. अशा वेळी त्याला आत यावंच लागतं, म्हणून शहाणा कोपरा आणखी थांबतो. अमेरिकेत मात्र चेंडू ठरावीक अंतर पुढे न्यायला मोजकेच प्रयत्न मिळतात; तिसऱ्या प्रयत्नात बरंच अंतर कापायचं उरलं की क्वार्टरबॅक चेंडू फेकणार हे जवळपास ठरलेलं, आणि लाइनबॅकर बिनदिक्कत सुटतो. समोरच्याचा नाइलाज एकाला धावायला लावतो, दुसऱ्याला थांबायला.

थांबण्याचा हा नियम मोडूनही जिंकणारा गडी आपण पुण्याच्या संघात पाहिला. इराणचा मोहम्मदरेझा शादलू डाव्या कोपऱ्यात उभा राहतो आणि संधी दिसली की चढाईवाला आत येण्याआधीच पुढे झेपावतो. दहाव्या प्रो कबड्डीसाठी पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्या हंगामात त्याने पकडींचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेतेपद पटकावलं. माझ्या मते त्याची घाई पचली ती संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन या मध्यरक्षकांमुळे. कोपरा चुकला तरी चढाईवाल्याची वाट अडवायला ते उभे असत, आणि चढाईवाल्याने शादलूला टाळून दुसरीकडे वळावं तर तिथेही सोपा गडी नसे. एकटा कोपरा कितीही चांगला असो, शेजारी कच्चे असले तर चढाईवाला त्याच्याकडे फिरकतच नाही.

मैदानात तीन किंवा कमी गडी उरले की हिशेब आणखी बदलतो. आता यशस्वी पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, दोन गुण. पण हातातला गडी सुटला तर लोण, म्हणजे सगळा संघ बाद होणं, जवळ येतो आणि लोणाचे दोन गुण समोरच्याला वेगळे. त्या वेळी उरलेल्यांत कोपरा असेल, तर काही प्रशिक्षक त्याला मोकळा सोडतात, काही बाहेरून ओरडून मागे खेचतात. सामना संपायला किती मिनिटं उरली आहेत आणि चढाईला कोण येतंय, हे बघितल्याशिवाय दोघांपैकी कोणालाही चूक ठरवता येत नाही.