तारेचा झोळ आणि अन्वस्ताचे समीकरण



वसंत व्याख्यानमालेत गणित आणावयाचे म्हणजे उन्हाळ्याच्या संध्याकाळी गार वाऱ्याला आलेल्या मंडळींना पुन्हा शाळेच्या बाकावर बसविण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण मी काही गणिताचा पंडित नव्हे. कामगारांच्या संघटनेत वावरणारा माणूस. माझी शाळा लवकर सुटली; पुढचे गणित रात्री, कंटाळा आला की पुस्तक मिटून, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून शिकलो. म्हणून जे सांगणार आहे ते कामाच्या बाजूने सांगणार आहे.

जळगावहून पारोळ्यावरून धुळ्यास जाताना खिडकीतून विजेच्या तारा पाहा. दोन खांबांच्या मध्ये प्रत्येक तार खाली वाकलेली असते. या वाकण्याला आपण झोळ म्हणतो. हा झोळ आळसाने राहिलेला नसतो. कितीही ताणली तरी वजन असलेली तार पुरती सरळ होऊच शकत नाही. प्रश्न एवढाच, की झोळ किती ठेवावयाचा?

मनातल्या मनात तार बरोबर मध्यावर कापा. आता अर्धीच तार पाहावयाची. तिचे वजन तिला खांबावरच्या टोकाभोवती खाली फिरवू पाहते, आणि मध्यावरचा आडवा ताण तिला सावरून धरतो. दोन खांबांमधले अंतर, म्हणजे गाळा, ल मीटर; तारेचे दर मीटरला वजन व किलो; ताण त किलो; आणि झोळ झ मीटर माना. अर्ध्या तारेचे वजन व × ल ÷ २, आणि त्याचा मध्य खांबापासून ल ÷ ४ अंतरावर. ताण खांबावरच्या टोकापेक्षा झ इतका खाली. तरफेच्या नियमाने दोन्ही बाजू समान होतात:

त × झ = व × ल × ल ÷ ८

यात ल दोनदा आला, हेच सारे मर्म. ताण तोच ठेवून गाळा दुप्पट केला तर झोळ दुप्पट नव्हे, चौपट होतो. अंतराच्या वर्गाने उंची बदलते अशा वक्राला अन्वस्त म्हणतात. फेकलेला दगड याच वाटेने जातो.

जाणकार येथे मला अडवतील. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात लोंबती साखळी अन्वस्ताच्या जवळ जाते असे लिहिले. पुढे १६९१ साली हायगेन्स, लायब्निट्स आणि योहान बर्नुली यांनी तिचा खरा वक्र निराळा असल्याचे दाखविले. खरे आहे. पण ८० मीटरच्या गाळ्यात एक मीटर झोळ असेल, तर दोन वक्रांत एक मिलिमीटरचाही फरक पडत नाही. कामापुरते अन्वस्त पुरते.

आता आकडे घालू. खेड्यापाड्यांतून ११ केव्हीच्या लाइनीला 'वीझल' नावाची अल्युमिनियम-पोलादी तार असते. तिचे वजन मीटरला सुमारे १२८ ग्रॅम. गाळा ८० मीटर. डिसेंबरच्या सकाळी, १० अंशांत, तिला २०० किलो ताण दिला. झोळ आला ०.१२८ × ६४०० ÷ १६००, म्हणजे ५१ सेंटिमीटर.

आता आपला मे महिना आणा. खानदेशचे ऊन आपणांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांवर. ८० मीटर तार ३५ अंश तापली की सुमारे ५३ मिलिमीटर वाढू पाहते. पण ढिली पडताच तिचा ताण उतरतो आणि ताणाने लांबलेला भाग आखडतो. हिशेबाअंती खरी वाढ उरते २६ मिलिमीटर, बोटाच्या दोन पेरांहूनही कमी. तेवढ्याने ताण २०० वरून १०० किलोंवर येतो, आणि झोळ ५१ सेंटिमीटरांचा १ मीटर २ सेंटिमीटर होतो.

यात कोणाचे काय बिघडते? रस्ता ओलांडणाऱ्या अशा लाइनीची खालची तार जमिनीपासून निदान ६.१ मीटर असावी, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होते. २०१० साली त्यांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, तरी हा आकडा तोच राहिला. समजा तार खांबावर ७ मीटर उंचीवर बांधली आहे. डिसेंबरात गाळ्याच्या मध्यावर ती ६.४९ मीटरवर असते. तपासणारा समाधानाने सही करून जातो. मे महिन्यात तीच तार ५.९८ मीटरवर येते, १२ सेंटिमीटर कमी. आणि कडब्याने शिगोशीग भरलेली गाडी, वर बसलेल्या माणसासह, त्याच दिवसांत खालून जाते.

यावर उपाय खांब बदलण्याचाच असे नाही. झोळ सर्वांत जास्त मध्यावर असतो. मध्यापासून अ मीटर सरकले की तार झ × अ × अ ÷ १६०० मीटर वर येते. आपल्याला ०.१२ मीटर हवे आहेत. म्हणजे १.०२ × अ × अ ÷ १६०० = ०.१२, अ चा वर्ग १८८, आणि अ सुमारे १४. मध्यापासून १४ मीटरच्या आत रस्ता येणार नाही असे खांब रोवले, की त्याच खांबांत आणि त्याच तारेत नियम पाळला जातो.

वर्गमूळ दोन येतात, धन आणि ऋण. येथे त्यांचा अर्थ मध्याच्या दोन बाजू. धनाचा वर्ग धन आणि ऋणाचाही धन, म्हणून मुळे दोन, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच सांगून ठेवले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आपल्याच चाळीसगावाजवळ पाटणला आहे. वर्गसमीकरण खानदेशाला परके नाही.

मग कोणी म्हणेल, मे महिन्यातच तार खेचून झोळ ५१ सेंटिमीटर करा. तसे केले, तर डिसेंबरात तीच तार आखडून तिचा ताण सुमारे ३७० किलोंवर जातो. तो भार शेवटच्या खांबाला, त्याच्या पायाला आणि त्या खांबावर चढणाऱ्या लाइनमनला सोसावा लागतो. म्हणजे एकच एक 'बरोबर' झोळ नसतो. कोणत्या गाळ्याला, किती अंशांत, किती झोळ, असा तक्ता लागतो. तो हाती असला की काम सोपे आहे: दोन्ही खांबांवर तार बांधण्याच्या जागेपासून ठरल्या मापाइतकी खाली एकेक पट्टी बांधावयाची, एका पट्टीवरून दुसरीकडे नजर लावावयाची, आणि तारेचा तळ त्या रेषेला टेकेपर्यंतच तार ओढावयाची.

पुष्कळदा तक्ता कचेरीत असतो आणि टोळी उन्हात असते. 'घट्ट ओढ' एवढाच हुकूम मिळतो, आणि तार खाली आली की बोल लाइनमनला लागतो. म्हणून माझे मागणे साधे आहे. टोळीबरोबर शिडी आणि दोर जातो, तसाच झोळाचा तक्ता आणि एक तापमापक जावा. आणि रस्त्यावरच्या तारांची उंची डिसेंबरात नव्हे, मे महिन्याच्या दुपारी मोजावी.