भिंती वाकड्या, जागा कमी. छोट्या स्वयंपाकघराची आखणी नेमकी कशी करायची?

अमरावती/अकोला : भावाभावांत घराची वाटणी झाली आणि दालनाचं स्वयंपाकघर झालं. लेआउटमध्ये कोपऱ्याचा प्लॉट घेतला, पण रस्ता तिरपा निघाला आणि मागची खोलीही तिरपी झाली. जुन्या वस्तीत जाड भिंती तशाच ठेवून डागडुजी केली आणि ओट्यासाठी जेमतेम सात-आठ फूट उरले. अमरावती-अकोल्यात अशी स्वयंपाकघरं शोधायला लांब जावं लागत नाही.

त्यानंतर पहिला फोन जातो मॉड्युलर किचनवाल्याला. पण कॅटलॉगमधलं किचन सरळ, चौकोनी खोलीचं असतं. तुमची खोली तशी नसेल तर आधी आग, पाणी आणि हवा यांची जागा ठरवा. कपाटं आणि सनमायकाचा रंग नंतर. हा क्रम चुकला तर पैसे वाया जातातच, शिवाय गॅसचा धोकाही घरात येतो.

किमान जागा किती हवी?

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४ चौरस फूट असावं आणि रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे जवळपास सहा फूट असावी. जेवणही तिथेच होणार असेल तर ७.५ चौरस मीटर जागा आणि २.१ मीटर रुंदी हवी. बाहेर उघडणारी खिडकी किंवा झरोका किमान १ चौरस मीटरचा हवा.

जुन्या घरात हे सगळं जमेलच असं नाही. पण आपण किती कमी जागेत काम करतोय, हे या आकड्यांवरून कळतं.

भिंत ‘गुण्यात’ आहे का? असं तपासा

मिस्त्री ज्याला ‘गुण्या’ म्हणतात, तो काटकोन तुम्ही साध्या टेपनेही तपासू शकता. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. जास्त आलं तर कोपरा उघडा, कमी आलं तर चिंचोळा.

माप फक्त जमिनीवर घेऊ नका. ओट्याच्या उंचीवर आणि डोक्याच्या वरही घ्या. जुन्या भिंती खाली एक आणि वर एक असतात. नंतर खडूने जमिनीवर ओटा, फ्रिज आणि दार उघडण्याची जागा प्रत्यक्ष आखा. दोन दिवस त्या रेषा पाळून वावरा. कुठे अडतंय ते लगेच कळेल.

उदाहरण : एका बाजूला ७ फूट, दुसऱ्या बाजूला ५ फूट

समजा, खोली १० फूट लांब आहे. दाराकडची रुंदी ७ फूट, खिडकीकडची ५ फूट. एक भिंत सरळ, दुसरी तिरपी. क्षेत्रफळ ६० चौरस फूट. म्हणजे जागा पुरेशी आहे, पण खिडकीकडे रुंदी कमी पडते. इथे ‘एल’ किंवा ‘यू’ आकाराचा हट्ट सोडा. सरळ भिंतीला लागून २ फूट खोलीची एकच रांग घ्या. दारापासून क्रम असा :

• फ्रिज : सव्वादोन फूट
• सिंक : २ फूट
• चिरणं, मळणं यासाठी मोकळा ओटा : पावणेतीन फूट
• गॅस शेगडी : २ फूट
• शेगडी आणि खिडकीच्या भिंतीत मोकळी जागा : १ फूट

बेरीज बरोबर १० फूट. फ्रिजमधून भाजी काढली, धुतली, चिरली, फोडणीला टाकली. हात एकाच दिशेने पुढे जातो. फ्रिज शेगडीच्या उष्णतेपासूनही लांब राहतो. चिंचोळ्या टोकाला उभं राहायला ३ फूट उरतात, एका माणसाला तेवढे पुरतात.

तिरप्या भिंतीवर खोल कपाटं करू नका. दाराकडच्या रुंद भागात ९-१० इंचांची उघडी फळी पुरे. डबे एका ओळीत राहतात, मागचा डबा विसरला जात नाही. कोपऱ्यात खांब पुढे आला असेल तर त्याच्या शेजारी तेवढ्याच खोलीच्या फळ्या बसवा, भिंत सपाट दिसेल.

सिलिंडर कुठे ठेवायचा?

इथे तडजोड नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून :

• सिलिंडर कायम उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर.
• बंद कपाटात ठेवणार असाल तर दाराला खाली आणि वर हवेसाठी जाळी हवीच.
• नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. ती पाच वर्षांनी बदला आणि रोज नजरेला पडेल अशी ठेवा.
• सिंकखाली नको, ओलाव्याने गंज चढतो. आपल्या उदाहरणात मोकळ्या ओट्याखालची जागा योग्य.

वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. एक्झॉस्ट फॅनसह कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, ठिणगी पडू शकते. घराबाहेर येऊन १९०६ या हेल्पलाइनवर फोन करा.

मे महिन्याचा विचार आत्ताच करा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. त्यात शेगडीसमोर तास-दीड तास उभं राहायचं. समोरच्या खोलीतल्या कूलरची हवा बाहेर जायला वाट मिळाली तरच तो नीट काम करतो. ही वाट स्वयंपाकघरातून काढा : मधलं दार उघडं, खिडकीच्या वर एक्झॉस्ट चालू. गार हवा आत खेचली जाईल, वाफ बाहेर जाईल. फक्त झोत थेट शेगडीवर येऊ देऊ नका. वाऱ्याने बर्नर विझला तर गॅस तसाच सुटत राहतो.

वास्तुशास्त्रानुसार शेगडी आग्नेयेला हवी, असा आग्रह अनेक घरांत असतो. तो पाळायचा असेल तर पाळा. पण तो कोपरा नेमका खिडकीखाली येत असेल, तर शेगडी फूटभर तरी बाजूला घ्या.

पाणी आणि वर्षाचं धान्य

शहरात नळ रोज येतोच असं नाही, तर खारपाण पट्ट्यातल्या गावांत पिण्यासाठी २० लिटरचे कॅन आणावे लागतात. त्यामुळे माठ आणि कॅनची जागा नकाशात सुरुवातीलाच दाखवा. भरलेला कॅन २० किलोंचा असतो. त्याला सिंकजवळ, गुडघ्याच्या उंचीचा पक्का ठेवा हवा.

वर्षाचा गहू आणि तुरीची डाळ मात्र इथे नकोच. कोठी कोरड्या खोलीत किंवा जिन्याखाली ठेवा आणि स्वयंपाकघरात पंधरा दिवसांपुरतंच आणा. वाफेपासून धान्य वाचतं आणि तीन-चार चौरस फूट जागा सुटते.

ओट्याची उंची कोणाच्या मापाची?

जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते, तिच्या. हात कोपरातून काटकोनात वाकवा, त्याखाली ४ ते ५ इंचांवर ओटा हवा. पाच फूट उंचीच्या बाईसाठी हे माप साधारण ३२ ते ३४ इंच येतं. ओटा उंच झाला तर भाकरी थापताना खांदे भरून येतात. घरात आई किंवा सासूबाई खाली बसून भाकरी थापत असतील, तर दाराजवळ ३ बाय ३ फुटांची जमीन मोकळी सोडा.

जगाने हा प्रश्न कसा सोडवला?

ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेट शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या घरबांधणी योजनेसाठी स्वयंपाकघर आखलं. माप साधारण १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट. कामाचा क्रम आणि चालावी लागणारी पावलं मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं उभी राहिली. आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात तिथली मानली जाते. पण ते आखलं होतं एकट्या बाईसाठी. आपल्याकडे सणाला दोघी-तिघी एकत्र रांधतात. तेव्हा खडूच्या रेषा आखल्यावर त्यात घरातल्या दोघांनी एकत्र उभं राहून पाहा. कारागिराला त्यानंतरच बोलवा.