विश्लेषण : खान्देशची जुनी राजधानी पाहायला नेमके कधी जावे?

आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, पोरांना सुट्या लागतात, घर भरते. मग ओसरीवर कुणीतरी म्हणते, ‘चला, एक दिवस बऱ्हाणपूरला जाऊन येऊ.’ असोदा-भादलीपासून रावेरपर्यंत अनेक घरांत हा बेत दर उन्हाळ्यात शिजतो. अडचण एवढीच, की सगळे एकत्र असतात तेव्हाच तिथे जाण्याची सर्वात वाईट वेळ असते.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी ते खान्देशचेच जुने राजधानीचे शहर. फारुकी सुलतानांनी तापीकाठच्या थाळनेरहून कारभार हलवून तो याच नदीच्या वरच्या अंगाला बऱ्हाणपुरात आणला. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. पुढे दख्खनच्या मोहिमांसाठी मुघलांचा मुख्य तळ इथेच राहिला. जळगावहून भुसावळमार्गे रेल्वेने हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. सकाळी जाऊन रात्री परत येता येते, म्हणून तर निघायची वेळ नीट निवडायला हवी.

मे महिन्यात नको, ते का?

जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही, आणि बऱ्हाणपूरही त्याच तापीच्या खोऱ्यात आहे. इथली ठिकाणे एका आवारात नाहीत. शाही किल्ला नदीकाठी, जामा मशीद गावाच्या मध्यभागी, कुंडी भंडारा रेल्वे स्टेशनकडच्या लालबाग भागात आणि आहुखाना नदीपलीकडे जैनाबादला. दोन ठिकाणांमधला रस्ता उन्हातलाच. किल्ल्यात उघडी अंगणे आणि तापलेला दगड. सोबत सत्तरीचे आजी-आजोबा किंवा तान्हे मूल असेल, तर दुपारी बारानंतर सहल संपून दवाखान्याची चिंता सुरू होते.

इतिहासातही या शहराचा उन्हाळा दुःखाचाच. शाहजहानची बेगम मुमताज महल १७ जून १६३१ रोजी इथे बाळंतपणात वारली. त्या वर्षी दख्खन आणि गुजरातवर भीषण दुष्काळ होता. तिला आधी आहुखान्याच्या बागेत दफन केले होते. पार्थिव आग्र्याकडे निघाले ते डिसेंबरात.

पूर्वीचे लोक कधी निघत?

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि पावसाळ्याआधी परतायचे, ही आपल्याकडची लष्करी रीत. नद्या उतरलेल्या, वाटा वाळलेल्या, जनावरांना चारा आहे, असे तेच दिवस. संभाजी महाराजांच्या फौजांनी बऱ्हाणपूरचे बहादूरपुरा लुटले ते १६८१ च्या सुरुवातीला, ऐन थंडीत. असीरगड अकबराच्या हाती आला तोही जानेवारीत. लढाईला सोयीचा ऋतू सहलीलाही सोयीचा ठरतो, कारण दोन्हींत माणसाला दिवसभर चालायचे असते.

जामा मशिदीत अरबीसोबत एक संस्कृत शिलालेखही आहे. मशिदीत संस्कृत लेख ही दुर्मीळ गोष्ट, तो आवर्जून पाहावा. त्यातला काळ आहे शके १५११, पौष महिना. म्हणजे साधारण १५९० चा जानेवारी.

मग महिना कोणता?

हवामानापुरते पाहिले तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण शेतकरी घराला हवामानाइतकेच शेतही पाहावे लागते. दिवाळीच्या सुटीत मुले मोकळी असतात, पण कापूस वेचणीला आलेला असतो आणि गाड्यांना गर्दी. फेब्रुवारीच्या अखेरीस हरभरा काढणीला येतो, मागोमाग गहू. मधली फट उरते ती संक्रांतीच्या आसपासची, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. शाळेचा एक शनिवार बुडवावा लागला तरी आमचे मत याच दिवसांना. पहाटे थंडी बोचते, पारा कधी दहाच्या खाली जातो, म्हणून शाल हवी. दुपारचे ऊन मात्र सोसण्यासारखे असते. शिवाय हे भरताच्या वांग्यांचे दिवस. असोद्याहून निघताना डब्यात भरीत-भाकरी घ्यावी, परतताना बऱ्हाणपूरचा दराबा आणि मावा जिलेबी आणावी.

दिवस कोणता, याचाही विचार करा. शुक्रवारी दुपारी जामा मशिदीत नमाजाची गर्दी असते, त्या वेळी पाहुण्यासारखे हिंडणे बरे नव्हे. दर्गा-ए-हकीमीत दाऊदी बोहरा भाविक दूरदूरहून येतात. तिथले उत्सव हिजरी महिन्यांप्रमाणे असतात, त्यामुळे तारखा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. गेल्या वर्षीची तारीख धरून बेत करू नका.

पावसाळा अगदीच वाया?

नाही. असीरगड पाहायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात सातपुडा हिरवागार असतो. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरचा हा गड ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणून ओळखला जात असे. वाटा निसरड्या असतात, बूट चांगले घाला. मात्र खास पावसाळ्यासाठीच कुठे जायचे, तर अजिंठा अधिक चांगला. वाघूरचा धबधबा तेव्हाच भरून वाहतो. फक्त सोमवारी लेणी बंद असतात.

कुंडी भंडाऱ्याचा प्रकार वेगळा आहे. सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून उताराने शहरात आणणारी ही योजना १६१५ ची, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातली. इराणी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने ती आखली. बोगद्यावर ठरावीक अंतराने शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या आहेत. एका कुंडीतून लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरता येते. पंप नाही, इंजिन नाही, केवळ उतारावर पाणी चालते. हे पाण्यात उभे राहूनच कळते. लिफ्ट चालू आहे का, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्या.

आणि मे महिन्यातच जमत असेल तर?

तर पहाटेची पहिली सोयीची गाडी धरा. स्टेशनवर उतरलात की कुंडी भंडारा जवळच. पण तो थंड असल्याने शेवटी ठेवावा. आधी गावात जाऊन किल्ला आणि त्यातला शाही हमाम पाहा, मग जामा मशीद. साडेदहा-अकराला लालबागला परत या आणि जमिनीखाली उतरा. आहुखाना आणि असीरगड सोडून द्या. दुपार सावलीत काढून संध्याकाळच्या गाडीने घरी. आजी-आजोबांना मात्र या फेरीत नेऊ नका. त्यांच्यासाठी संक्रांतीनंतरचा एक रविवार आत्ताच कॅलेंडरवर खुणावून ठेवा.